दात पडतात ते नशिबाने नव्हे

दात आहेत तर चणे नाहीत, अन् चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण सर्वांनीच ऐकली आहे. ज्याने ती केली त्याने आमच्या उत्तर नागपुरातील घरे पाहिली असावीत असे मला नेहमी वाटते. ज्या पिढीने एम्प्रेस मिलमध्ये पाळ्या केल्या, रेल्वेत ओझी उचलली, ओसरीवर बसून बिड्या वळल्या, त्या पिढीच्या तोंडात दात होते तेव्हा ताटात फारसे काही नव्हते. आता मुले शिकली, हाताला लागली. घरात पेरू येतो, डाळिंब येते, कधीमधी बदामही येतात. आणि ज्यांच्यासाठी ते आणायचे त्यांच्या तोंडात दोन-चार हलते सुळके तेवढे उरलेले असतात.

इंदोरा, ठवरे कॉलनी, बेझनबाग आणि जरीपटक्याला लागून असलेल्या आपल्या वस्त्यांत साठी ओलांडलेल्या माणसांना विचारून पाहा, दात कशाने गेले? उत्तर बहुधा एकच मिळते, "वय झालं, आता जातीनच." बंधू-भगिनींनो, हे उत्तर खरे नाही. केस वयाने पिकतात, कातडी वयाने सुरकुतते, दात मात्र केवळ वयाने पडत नाहीत. ते किडीने पडतात आणि हिरड्यांच्या रोगाने पडतात. हे दोन्ही रोग बऱ्याच अंशी टाळता येतात, वेळेवर दवाखाना गाठला तर थांबवताही येतात. प्रत्येक गोष्टीला कारण असते, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या वडीलधाऱ्यांनी बाबासाहेबांच्या मागे उभे राहून दैव, नशीब, मागच्या जन्मीचे पाप हे सारे सोडून दिले. तोंडातल्या दातांपुरते मात्र ते नशीब आपण कुठेतरी जपून ठेवले आहे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या आईमुळे. आई सहासष्ट वर्षांची आहे. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही, पण आमच्या विहारात वीस-पंचवीस वर्षे बायकांच्या पुढे बसून बुद्धवंदना म्हणणारी तीच. गाथा तिला नुसत्या पाठ नाहीत, अर्थासकट पाठ आहेत. वरचे समोरचे दात गेले आणि तिचा 'स' फसफसू लागला. आता त्रिशरणात 'स' किती वेळा येतो ते मी वाचकांना सांगायला नको. एका पौर्णिमेला मागे बसलेल्या दोन शाळकरी मुलींना हसू आवरले नाही. मुलींचा दोष नाही, त्या वयात हसू येतेच. पण पुढच्या पौर्णिमेपासून आई मागच्या ओळीत जाऊन बसू लागली. विचारले तर म्हणाली, "आता नव्या बायांनी म्हणावं. मी कायले पुढं पुढं करू?" पाहुणे आले की पदराचे टोक ओठांवर. फोटोत तोंड मिटलेले. जेवायची ती सगळ्यांच्या मागून, एकटी, वरणात भाकर कुस्करून. दात नसलेल्या माणसाला चावायला वेळ लागतो आणि आपल्याला कुणी पाहू नये असेही त्याला वाटते. घरच्यांना वाटते, तिला आता भूक कमी झाली.

तिचे दात कशाने गेले, त्याची कारणे शोधायला फार लांब जावे लागले नाही. चौदाव्या वर्षी दाढ दुखली म्हणून शेजारणीने गुडाखू लावायला दिला. दुखणे बधिर झाले आणि सवय कायमची लागली. आपल्याकडच्या कितीतरी बायांची हीच कथा आहे. दात दुखतो म्हणून गुडाखू, नस नाहीतर तंबाखूची राख, आणि त्याच तंबाखूने हिरड्या आतून पोखरल्या जातात. त्यातली फसवी गोष्ट अशी की तंबाखूने हिरड्यांतले रक्त येणे कमी होते, म्हणून रोग वाढत असूनही बाईला वाटते, आपल्या हिरड्या मजबूत आहेत. त्यात आईला मधुमेह. साखर वाढली की हिरड्यांचा रोग जोर धरतो आणि हिरड्यांत पू असला की साखर आवरत नाही, असे हे दुहेरी नाते आहे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने किती छळले ते आपण त्यांच्या चरित्रात वाचतो. पण त्या आजाराचा तोंडाशी काही संबंध असतो हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते, आणि गोळ्या लिहून देणाऱ्यांनीही आईला कधी 'आ' करायला सांगितले नव्हते.

जरीपटका ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेली, गजबजलेली बाजारपेठ. तिथल्या रस्त्याने चालत गेले की आता कापडाच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या मध्ये दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. पक्के दात, इम्प्लांट, हप्त्यांची सोय. माझ्या धाकट्या भावाने अशीच एक पाटी वाचली आणि तो हट्टालाच पेटला की आईला पक्के दातच लावायचे.

हे इम्प्लांट म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. आपल्या दाताचे जे मूळ हाडात असते, त्याच्या जागी टायटॅनियम धातूचा एक लहानसा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. साधारण तीन ते सहा महिने थांबतात. तेवढ्या काळात हाड त्या धातूला धरून घट्ट होते, आणि मग त्यावर दात चढवतात. ही गोष्ट सापडली ती योगायोगाने. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातले रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोग संपल्यावर निघता निघेना. हाडाने ते आपलेसे करून टाकले होते. दुसरा एखादा उपकरण वाया गेले म्हणून चरफडला असता. या माणसाने त्याचे कारण शोधले. १९६५ मध्ये त्यांनी गोटेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो रुग्ण २००६ साली वारला, तोवर ते दात त्याची सोबत करीत होते.

तेव्हा ही चीज खोटी नाही, उत्तम आहे. एखादाच दात गेला असेल तर दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून त्यांवर ब्रिज चढवावा लागतो. इम्प्लांटमध्ये शेजाऱ्यांना हात लागत नाही. शिवाय दात गेला की तिथले हाड दर वर्षी झिजत जाते, गाल आत बसतात. इम्प्लांटमुळे त्या जागचे हाड बरेचसे टिकते. मात्र त्याच्या अटी आहेत. हाड पुरेसे हवे. हिरड्यांतला रोग आधी बरा व्हायला हवा. साखर ताब्यात हवी. तंबाखू-बिडी चालू असेल तर ते निकामी होण्याचा धोका वाढतो. आणि बसवल्यावर रोजची सफाई चुकवता येत नाही. धातूला कीड लागत नाही हे खरे, पण त्याच्या भोवतालची हिरडी सडू शकते आणि भक्कम दिसणारा स्क्रू हलायला लागतो.

आम्ही आईला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेलो. एक्स-रे झाला. वरचे-खालचे मिळून साडेचार लाख सांगण्यात आले, हप्ते करून देऊ म्हणाले. कागदही पुढे आला. आईला साखर आहे का, हे मात्र कुणी विचारले नाही. मीच सांगितले तेव्हा "काही हरकत नाही" एवढेच उत्तर मिळाले. मी त्या कागदावर भावाला सही करू दिली नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "साडेचार लाखाचे दात लावून खाऊ काय मंग? पैसे तर सारे दातातच जातीन."

सगळे खाजगी डॉक्टर लुबाडतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. चांगल्या धातूला, चांगल्या प्रयोगशाळेला आणि वर्षानुवर्षे शिकलेल्या हाताला पैसा लागतोच. पण लग्नाच्या बँडसाठी, मंडपासाठी कर्ज काढणारे आपले लोक औषधाच्या बाबतीतही 'जास्त महाग ते जास्त चांगले' असे धरून चालतात, हे बरोबर नाही. जे भावाच्या जबड्याला योग्य ते आईच्या जबड्याला योग्य असेलच असे नाही. आधी आईच्या तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी केली. आकडा दहाच्या वर आला. अशा साखरेवर जबड्यात दहा-बारा ठिकाणी छिद्रे पाडून घेतली असती तर जखमा तरी धड भरल्या असत्या का?

मेडिकल चौकात, मेडिकलच्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. १९६८ पासून आहे. आपल्यातले कितीतरी लोक मेडिकलला शंभर वेळा जाऊन आले असतील, पण दातांचे रुग्णालय वेगळे आहे हे त्यांना ठाऊक नसते. आम्ही इंदोरा चौकातून मेट्रोने सीताबर्डीला आणि तिथून ऑटोने जात असू. सकाळी लवकर गेले की चिठ्ठी लवकर मिळते. तिथल्या मॅडमनी आईचे तोंड पाहून पहिली गोष्ट सांगितली, "आजी, आधी साखर खाली आणा, मग दातांचं बोलू." मला त्या एका वाक्याने धीर आला. उरलेले पाच हलते दात एकेक करून काढले. जखमा भरायला अडीच महिने दिले. तेवढ्या काळात आईने गुडाखू सोडला. त्यासाठी तिने आमचे जे हाल केले ते लिहायचे तर दुसरा लेख होईल.

मग कवळी. कवळी म्हटले की लोक नाक मुरडतात. पण नीट केलेली कवळी हे बारीक कसबाचे काम आहे आणि त्याला पाच-सहा चकरा लागतात. आधी हिरड्यांचे माप, मग दुसरे नेमके माप, मग वरचा-खालचा जबडा कुठे मिळतो त्याचे माप, मग मेणात बसवलेले दात तोंडात लावून पाहणे, आणि शेवटी पक्की कवळी. एका दिवसात कवळी देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. फुटपाथवर नाहीतर आठवडी बाजारात बसून प्लास्टिकचा दात शेजारच्या दाताला चिकटवून देणारे असतात, त्यांच्या तर वाऱ्याला उभे राहू नये. त्या चिकटवणीखाली अन्न सडते आणि एका दातापायी तीन दात जातात. कायद्याने नोंदणी नसलेल्याला असा धंदा करता येत नाही. पण पन्नास-शंभर रुपयांत दात मिळतो म्हटल्यावर कायदा कोण विचारतो?

मेणातले दात लावून पाहण्याच्या दिवशी एक गंमत झाली. तिथे शिकणारी एक मुलगी आईचे काम करीत होती. ती म्हणाली, "आजी, साठपासून सत्तरपर्यंत मोजून दाखवा." या आकड्यांत 'स' भरपूर येतो. दात जरा पुढे-मागे बसले असतील तर तो बरोबर पकडतो, म्हणून डॉक्टर असे मोजायला लावतात. आईचा जन्म बिड्यांची पंचवीस-पंचवीसची जुडी बांधण्यात गेला. ती म्हणाली, "बाई, मले पंचवीसच्या पुढं मोजाची सवय नाही. वंदना म्हणू का?" मुलगी हसली, म्हणाली, म्हणा. आणि त्या खुर्चीवर, गळ्यात निळा कागदी रुमाल बांधलेल्या आईने त्रिशरण म्हटले. दुसऱ्या सरणाला मुलीने तिला थांबवले, दोन दात मेणातच जरासे आत सरकवले आणि पुन्हा म्हणायला लावले. असे तीनदा झाले. तिसऱ्यांदा 'स' स्वच्छ आला. शेजारच्या खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या एका गृहस्थांनी त्याच अवस्थेत हात जोडले. आपलेच कुणी असावेत.

कवळी मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी भाकरी खाता येते असे नाही, हे आधी सांगितलेले बरे. पहिले दोन आठवडे तोंडात दगड घेतल्यासारखे वाटते. खालची कवळी जिभेने उचलली जाते. कुठेतरी टोचते, फोड येतो. अशा वेळी पुष्कळ म्हातारी माणसे कवळी डब्यात टाकून मोकळी होतात आणि तो डबा मग ट्रंकेत सापडतो. असे करू नये. टोचते तिथे रुग्णालयात घासून देतात, आम्ही तीनदा गेलो. आधी खिचडी, मग मऊ पोळी, मग लहान घास दोन्ही बाजूंनी चावायचा. समोरच्या दातांनी तोडायचे नाही, तोडले तर मागची बाजू उचलते. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना उसंत मिळते. गरम पाण्यात ठेवायची नाही, वाकडी होते. धुताना खाली पाण्याची बादली ठेवावी, म्हणजे हातून निसटली तरी फुटत नाही. ही युक्ती आईनेच काढली. दीड महिन्याने तिने ज्वारीची भाकर ठेच्याबरोबर खाल्ली, सगळ्यांच्या पंगतीत. वैशाख पौर्णिमेला ती विहारात पुढच्या ओळीत होती.

खालची कवळी अजूनही थोडी हलते. खालच्या जबड्याचे हाड झिजलेले असले की असे होतेच. त्यावरही उपाय आहे, आणि इथे पुन्हा इम्प्लांट येते, पण दहा-बारा नव्हे, फक्त दोन. खालच्या जबड्यात पुढे दोन स्क्रू बसवून त्यांवर कवळी बटनासारखी अडकवायची. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, ज्याचे सगळे दात गेले त्याच्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा, असे मत दिले. म्हणजे साडेचार लाखांचे सगळे दात आणि हलणारी कवळी यांच्या मध्ये एक वाट आहे. ती आम्हाला त्या पहिल्या दवाखान्यात कुणी दाखवली नव्हती. आईची साखर आता सातच्या आसपास आली आहे. मॅडम म्हणाल्या, अशीच सहा महिने राहिली तर विचार करू. माझे म्हणणे असे आहे की ही दोन स्क्रूंची सोय कष्टकरी म्हाताऱ्यांना परवडेल अशा दरात सरकारी रुग्णालयांतून मिळावी, यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी निवेदन द्यावे. पुतळा, कमान, सभागृह यांची निवेदने आपण देतोच, त्यात हेही एक असावे.

आता भावाचे. तो चौतीस वर्षांचा, माल वाहणारी गाडी चालवतो. त्याची खालची एक दाढ गेलेली. बाकीचे दात शाबूत, साखर नाही, हाड चांगले. इम्प्लांट खरे तर अशाच माणसासाठी. पण त्याला खर्रा लागतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घासून केलेला तो आमच्या नागपूरचा खर्रा. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण पानठेल्यावर पन्नी घासण्याचा आवाज काही थांबला नाही. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी करून तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील तर घरगुती उपाय न करता दातांच्या डॉक्टरांकडे जावे, कारण याच वाटेवर पुढे कर्करोग बसलेला असतो. आणि ज्याचे तोंडच उघडत नाही त्याच्या दाढेपर्यंत औजार तरी कसे पोचणार? पाचव्या शीलात खर्ऱ्याचे नाव नाही, असा युक्तिवाद करणारे उपासक मी आमच्या विहाराच्या पायरीवरच पाहिले आहेत. बोलताना त्यांची तोंडे दीड बोटच उघडतात.

तोंड स्वच्छ ठेवणे ही आपल्या धम्मात किरकोळ गोष्ट मानलेली नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात अशी हकीकत आहे की भिक्खू दातवण करीत नसत, त्यामुळे त्यांच्या तोंडाला वास येई. तेव्हा भगवंतांनी दातवणाची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले. डोळ्यांना हितकर, तोंडाला दुर्गंधी नाही, चव नीट कळते, पित्त-कफ अन्नावर चढत नाही, आणि जेवण रुचते. पुढे काही खोडकर भिक्खू लांबलचक दातवणांनी श्रामणेरांना मारू लागले, म्हणून लांबी आठ अंगुळे ठरली. मग एकाने आखूड दातवण गिळून टाकले, म्हणून चार अंगुळांहून आखूड नको असे ठरले. किती बारकाईने पाहिले आहे पाहा! आणि आपल्या नागपुरातच, २० जुलै १९४२ रोजी मोहन पार्कवरील महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायांना जे सांगितले, त्यात स्वच्छ राहणे आणि व्यसनांपासून दूर राहणे हे मुलांना शिकवण्याच्या बरोबरीने सांगितले होते. आमची आजी त्या परिषदेला गेली होती, असे आई सांगते.

भावाला डॉक्टरांनी सांगितले, खर्रा सोडून तीन महिने काढ, मग या. तो चिडला, म्हणाला दुसरीकडे जातो, पैसे फेकले की कुणीही बसवून देईल. आई त्याला काही बोलली नाही. तिने फक्त आपली कवळी काढून त्याच्यासमोर वाटीत ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "पाहून घे नीट." खर्रा सोडून त्याला आज एकोणतीस दिवस झाले. खिशात सोपेची पुडी असते, चिडचिड करतो, रात्री झोप येत नाही म्हणतो. तोंड अडीच बोटे उघडते.